धुरंधर

आमच्या सोसायटीत जुनी मोटार घ्यायचं कोणाच्या मनात आलं, की ते आधी काकांना कळतं आणि मग बायकोला. क्रम उलटा करून पाहिलेले दोघे-तिघे आहेत. ते अजून रिक्षाने फिरतात.

काका सहकारी बँकेतले निवृत्त तपासनीस. उभी नोकरी दुसऱ्यांच्या खातेवह्यांवर लाल शाईने शेरे मारण्यात गेली. निवृत्तीनंतर वह्या संपल्या, शाई उरली. ती त्यांनी जुन्या मोटारींसाठी राखून ठेवली आहे. इतर माणसं गाडी पुढून बघतात. रंग, काचा, टायरची नक्षी, सीटकव्हरं. काका सरळ मागे जातात, पिशवीतून गोणपाटाचा तुकडा काढून अंथरतात, त्यावर गुडघे टेकतात आणि सायलेन्सरच्या नळीत तर्जनी घालतात. मग ते बोट उन्हात धरून बघतात. कोरडी, राखाडी काजळी निघाली तर "हं". दाट काळी निघाली तर "हंऽऽ". बोटाला तेलकट काही लागलं तर मात्र एक अक्षर न बोलता ते बोट विकणाऱ्याच्या नाकासमोर धरतात. इथवर गाडीचं दारसुद्धा कोणी उघडलेलं नसतं.

पाठीमागे सगळे त्यांना धुरंधर म्हणतात, तोंडावर काका. असा एकेक धुरंधर नाशकातही असतो, कोल्हापुरातही असतो आणि डोंबिवलीत तर प्रत्येक विंगमध्ये असावा. त्याच्या पिशवीत टॉर्च, रबरी हातोडी आणि एक जुनं फडकं असतं. तो पैसे घेत नाही, चहा घेतो. आणि "घ्या" हा शब्द तो कधीही उच्चारत नाही. आमचे काका अगदीच प्रसन्न झाले तर "आक्षेप नाही" म्हणतात. तेवढ्यावर लोकांनी पेढे वाटलेले आहेत.

त्यांच्या मते मोटारीच्या अंगात खरं बोलणारी जागा एकच, धूर बाहेर पडतो ती. रंग नवा मारता येतो, किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, सीटा नव्याने शिवून घेता येतात. "धुरात अफरातफर करता येत नाही," काका म्हणतात, आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त करतात, "म्हणजे करतात, पण खाडाखोड दिसते."

काकांची पहिली अट म्हणजे गाडी थंड पाहिजे. त्यासाठी ते सकाळी सातला विकणाऱ्याच्या दारात हजर होतात. बोनेटवर पालथा तळहात ठेवतात.

"गाडी गरम आहे."

"तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली, काका. म्हटलं खोळंबा नको."

"म्हणूनच विचारतोय. खोळंबा कोणाचा टाळलात?"

मग सगळ्यांनी खाली बसायचं आणि गाडी निवायची वाट बघायची. विकणारा, घेणारा, घेणाऱ्याची बायको, एजंट आणि काका अशी पाच माणसं दोन-दोन तास मुदत ठेवींच्या व्याजदरावर बोलत बसलेली मी पाहिली आहेत. पण हट्टाला कारण आहे. इंजिनाला जिथे धुराचा मॅनिफोल्ड जोडलेला असतो तिथलं गॅस्केट फुंकलं असेल किंवा मॅनिफोल्डलाच चीर गेली असेल, तर थंड गाडी चालू करताच बारीक टिक-टिक-टिक ऐकू येते. गाडी तापली की धातू फुगतो, फट मिटते, आवाज बंद. दहा मिनिटं आधी चालू ठेवलेली गाडी अगदी साळसूद वाटते. आणि ती फट नुसत्या आवाजापुरती नसते. तिथून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि काचा लावून बसलेल्या कुटुंबाच्या नाकापर्यंत पोचू शकतो. या मुद्द्यावर काका विनोद करत नाहीत.

दुसरी तपासणी किल्लीची. पहिल्या खटक्याला डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. लागून राहिला तर दुखणं आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. काकांना चिंता असते ती मुळीच न लागणाऱ्या दिव्याची. दिवा काढून टाकलेल्या, त्यावर काळी पट्टी चिकटवलेल्या गाड्या त्यांनी पकडल्या आहेत. अलीकडे विकणारे आणखी पुढे गेले. स्कॅनर लावून गाडीच्या स्मृतीतले सगळे दोष आदल्या रात्री पुसून टाकायचे. पण पुसलं की गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या घेत असते त्याही शून्यावर येतात. स्कॅनरवर त्यांच्यापुढे "अपूर्ण" असं दिसतं आणि त्या पुऱ्या व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. "वही कोरी दिसली," काका म्हणतात, "की मी आधी केराची टोपली बघायचो."

वासाचं प्रकरण याच्यापुढचं. काका कट्टर शाकाहारी, कांदासुद्धा चातुर्मास सांभाळून. पण सायलेन्सरपाशी उभं राहून "सडक्या अंड्याचा वास येतोय" हे ते ज्या अधिकाराने सांगतात तो अंडेविक्रेत्यालाही नसेल. एका एजंटने चिडून विचारलं, "काका, तुम्ही अंडी खाता तरी का?"

"सडकी तूही खात नाहीस. मग तू कशावरून नाही म्हणतोयस?"

वास खरा होता. पेट्रोलमधल्या गंधकाचा एरवी सल्फर डायऑक्साइड होऊन निघून जातो. इंजिन गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पीत असेल, तर त्याचाच हायड्रोजन सल्फाइड होतो. तो हा वास. धुराच्या रंगाबद्दल काका फार बोलत नाहीत, ते आता सगळ्यांनाच माहीत झालंय म्हणून त्यांचा रस गेला. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढऱ्याला मात्र ते पूर्ण चौकशीचा हक्क देतात. सकाळच्या गारव्यात पांढरी वाफ आणि नळीतून पाण्याचे थेंब ही निव्वळ हवा. पण गाडी तापूनही पांढरं थांबत नसेल आणि वास गोडसर असेल, तर रेडिएटरचं कूलंट इंजिनात शिरतंय, आणि मग काका गोणपाट झटकून पिशवीत ठेवतात.

या सगळ्या शोधाचा खरा धनी गाडीच्या पोटाखाली असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. फिटर लोक त्याला कॅट-कॉन म्हणतात. पोलादी डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप. धुरातला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या विटेतून जाताना कमी घातक होतात. तीनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय ती नीट काम करत नाही. यामुळेच एजंट जेव्हा गौरवाने सांगतो, "बाईंनी वापरलीय काका, फक्त मंडईपर्यंत," तेव्हा काकांच्या कपाळावर आठी येते. मंडईपर्यंत कन्व्हर्टर धड तापतच नाही आणि सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायच्या आत गाडी बंद होते. सायलेन्सर आतून सडतो. गाडी फार चाललेली असेल तर तोही आक्षेपच. मग किती चाललेली हवी, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची गोष्ट याच कन्व्हर्टरची. मुलगा संगणकातला, घ्यायची होती २०१५ची छोटी मोटार. तो स्वतः तयारीने आला होता. स्टीअरिंगखालच्या खोबणीत बोटभर यंत्र खोचलं, फोनवर बघितलं आणि म्हणाला, "काका, कोड आहे. पी ०४२०."

काकांचा चेहरा उजळला. "चारशेवीस! दंड संहितेसकट हे कलम गेलं रे, १ जुलै २०२४ला. फसवणूक आता न्याय संहितेच्या ३१८मध्ये. मोटारींना अजून परिपत्रक पोचलेलं दिसत नाही."

मुलाने सांगितलं की या कोडचा अर्थ, कन्व्हर्टरची कार्यक्षमता हवी त्यापेक्षा कमी. एजंटने काळाची पावलं ओळखली आणि न मागता म्हणाला, "खरंय, साहेब. कॅट-कॉन गेलाय. मी वीस हजार कमी करतो, विषय संपला."

एवढ्यावर कोणीही शहाणा माणूस हात मिळवून मोकळा झाला असता. काका म्हणाले, "थांब. हा शेरा आहे, निकाल नाही. शेरा मारणाऱ्याची उलटतपासणी कोण करणार?"

मग त्यांनी मुलाला शेजारी बसवून शिकवलं. कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर एक. पुढचा सारखा खाली-वर होत असतो, ०.१ व्होल्टपासून ०.९पर्यंत. कन्व्हर्टर ठीक असेल तर मागचा एका रेघेत शांत असतो. "पुढच्या वहीत जे आकडे तेच मागच्या वहीत उतरले, तर मधला कारकून झोपलाय. पण मागच्या वहीत बाहेरून कोणी लिहिलं असेल तर?" बाहेरून म्हणजे गळतीतून. धूर इंजिनातून सलग वाहत नाही, ठोक्या-ठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती सेन्सरला चकवते. चांगल्या कन्व्हर्टरवर नाहक ठपका येतो.

गाडी काकांच्या नेहमीच्या फिटरकडे गेली. रॅम्पवर चढवली, थंड होऊ दिली. काकांनी फडकं ओलं करून नळीच्या तोंडावर दाबलं, फिटर टॉर्च घेऊन खाली. सुस्स. कन्व्हर्टरच्या अलीकडे, जाळीच्या फ्लेक्झिबल पाइपच्या जोडावर काजळीचा काळा पट्टा उमटलेला. गॅस्केट गेलेलं होतं. काकांनी पट्टा सगळ्यांना दाखवला, एजंटला दोनदा. "कन्व्हर्टर निर्दोष आहे!"

एजंटला हे फारच पटलं. तो म्हणाला, "मग वीस हजार कशाचे कमी करायचे?"

गॅस्केट काही शे रुपयांत बदललं. गाडी पूर्ण किमतीला गेली. पुढच्याच आठवड्यात महामार्गावर पिवळा दिवा पुन्हा लागला. पी ०४२०, आणि सोबतीला मिसफायरचा कोड. एका सिलिंडरची इग्निशन कॉइल तापल्यावर मधूनमधून दगा देत होती. ठिणगी पडली नाही की ते पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथे जळतं, आणि आतली वीट वितळायला लागते. थंड गाडीत ही कॉइल अगदी शहाणी वागायची. आणि काकांनी गाडी थंडच तपासली होती.

म्हणजे कन्व्हर्टर खरोखर गेलेलाच होता, एजंटचं पहिलं वाक्य बरोबर होतं आणि आपल्या बाजूच्या तज्ज्ञाने पुराव्यासकट वीस हजार परत देऊन टाकले होते. मुलगा काकांकडे गेला तेव्हा आवाज चढवायच्या तयारीने गेला होता. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दिवशी वीस हजार घेऊन नुसता नवा कन्व्हर्टर बसवला असतास, तर कॉइलने तोही मारला असता की नाही?"

"हो, पण..."

"मग माझा आक्षेप बरोबरच होता. फक्त अपुरा होता."

वैताग असा, की यात तथ्य आहे. कन्व्हर्टर सहसा आपण होऊन मरत नाही. मिसफायर, जळणारं ऑइल, जास्तीचं पेट्रोल किंवा खालून बसलेला दणका यांपैकी कोणीतरी त्याला मारतं, आणि मारेकरी गाडीतच ठेवून नवा बसवला की त्याचीही तीच गत होते. मुलाने मोठी रक्कम मोजून नवा बसवला, आधी कॉइल बदलून. तो आता काकांना लिफ्टमध्ये भेटला की फोन बघतो.

चोंदलेल्या कन्व्हर्टरबाबत मात्र काकांचा हात कोणी धरू शकत नाही. गाडी न्यूट्रलला गोड, गावात बरी, आणि चढावर मान टाकते. एजंट म्हणतो एसी बंद करा, काका म्हणतात कात्रजचा घाट चढू या. घाटात तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर तळाला टेकूनही गाडी ओढत नाही, नुसती घरघरते. धुराला बाहेर जायला वाट नाही, तर नवी हवा आत येणार कुठून? मग फिटर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाबाचं मीटर बसवतो. अडीच हजार फेऱ्यांवर काटा तीन पौंडांच्या वर गेला की वाट बुजलेली आहे असं धरायचं. रबरी हातोडीने डब्यावर टकटक केल्यावर आत खुळखुळलं, तर वीट फुटून तिचे तुकडे वाहत जाऊन वाट अडवताहेत.

पण काकांना सर्वांत जास्त संशय येतो तो फार चांगल्या पिकअपचा. एकदा घेणारा हरखून गेला होता, "काय उचलते काका गाडी!" काका उतरले, खाली वाकले, हातोडीने डबा वाजवला. पोकळ. आतली वीट कोणीतरी काढून विकली होती, वर झकास वेल्डिंग केलं होतं आणि मागच्या सेन्सरखाली एक लांब नळी घालून तो धुरापासून दूर नेला होता, म्हणजे त्याने तक्रार करू नये. विटेतल्या धातूंना भाव आहे. महाराष्ट्रात मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर रात्रीतून कापून नेणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. चोरांच्या भाषेत आतल्या मालाला 'माती' म्हणतात. इथे माती मालकानेच विकली होती. काकांनी त्याला विचारलं, पीयूसी कसं मिळालं? त्याने प्रमाणपत्र दाखवलं. बीएस-४ गाडीला न्यूट्रलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के. रिकाम्या डब्याची ही गाडी कागदावर त्याहून कितीतरी स्वच्छ निघाली होती. काकांनी तो कागद घडी घालून अत्यंत आदराने परत दिला.

आता काकांच्या स्वतःच्या गाडीबद्दल. १९९३ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला एप्रिल १९९५मध्ये, आणि शिसं घातलेलं पेट्रोल देशभरातून बंद व्हायला फेब्रुवारी २००० उजाडलं. शिसं विटेवरचा लेप निकामी करतं, म्हणून आधी ते जायला हवं होतं. म्हणजे काकांच्या गाडीला कन्व्हर्टर नाही, सेन्सर नाही, पिवळा दिवा नाही आणि स्कॅनर खोचायला खोबणही नाही. गावभरच्या धुराचा हिशेब मागणाऱ्या या माणसाच्या गाडीची कोणालाच झडती घेता येत नाही.

मी एकदा धीर करून विचारलं. काका म्हणाले, "जे खातं उघडलंच नाही, त्याची तपासणी कशी होईल?"

गाडी बेकायदा नाही, हे सांगायला हवं. पर्यावरण कर भरलेला आहे, नोंदणीचं नूतनीकरण आहे, दर सहा महिन्यांनी पीयूसी होतं आणि ते काका रांगेत उभं राहून, नळी समोर आत घालायला लावून करून घेतात. गाडी दर वेळी पास होते. तिच्या वयाच्या गाड्यांना मर्यादा ३ टक्क्यांची आहे, म्हणजे ज्या गाड्या काका नाकारतात त्यांच्या दहापट.

तेव्हा जुनी गाडी घ्यायची असेल तर रविवारी सकाळी साडेसहाला आमच्या बी विंगखाली या. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच बजावून ठेवा की गाडी चालू करून ठेवायची नाही. थंड तपासून झाली की तिथेच न थांबता काकांना तासभर महामार्गावर फिरवून आणा, ते नको म्हणाले तरी. एजंट वीस हजार कमी करतो म्हणाला तर आधी पैसे कमी करून घ्या, मग गॅस्केट शोधा. चहाचे पैसे तुम्ही द्यायचे. आणि काका स्वतःची मारुती काढून येत असतील, तर तिच्या मागे उभे राहू नका.